पहिले धातुशोधक यंत्र

मोठ्या रेल्वे स्थानकाच्या दारात एक रिकामी चौकट उभी केलेली तुम्ही पाहिली असेल. माणूस तिच्यातून गेला आणि त्याच्या खिशात किल्ल्या असल्या की ती वाजते. पोलिसांच्या हातातली आखूड काळी दांडीही अशीच वाजते. हे धातुशोधक यंत्र होय. बोलताना आपण त्याला मेटल डिटेक्टर म्हणतो.

सूतगिरण्यांमध्येही हे यंत्र असते. पण तेथे ते बाहेरच्या माणसाला सहसा दिसत नाही. गिरणीत कापसाच्या गाठी फोडून कापूस ब्लोरूममध्ये पाठवतात. गाठीला बांधलेल्या लोखंडी पट्टीचा एखादा तुकडा कापसाबरोबर आत गेला आणि वेगाने फिरणाऱ्या दात्यांवर आपटला, तर ठिणगी उडते. कापसाला आग लागायला तेवढी ठिणगी पुरे. म्हणून कापसाच्या वाटेवर धातुशोधक बसवतात. सोलापूर हे गिरण्यांचे आणि चादरींचे शहर आहे. तुमच्यापैकी कोणाचे वडील, चाचा किंवा आजोबा गिरणीत काम करत असतील, तर त्यांना याबद्दल विचारा. ते अधिक सांगतील.

या यंत्राचा एक तिसरा प्रकार आहे. लांब दांड्याच्या टोकाला थाळीसारखे गोल तबक आणि वरच्या टोकाला आवाज करणारी पेटी. हे तबक जमिनीवरून फिरवत चालायचे आणि जमिनीखाली काय आहे याचा अंदाज घ्यायचा. इंग्लंड-अमेरिकेत हा हजारो लोकांचा छंद आहे. आपल्याकडेही अशी यंत्रे आता विकत मिळतात आणि एखाद्या मुलाला वाटते, आपणही एक घ्यावे. वाटायला हरकत नाही. पण कोणते घ्यावे? आणि घेतल्यावर ते कोठे चालवता येते? या दोन प्रश्नांची उत्तरे पैसे देण्याआधी माहीत असायला हवीत.

आधी यंत्र कसे चालते ते पाहू. तबकात तांब्याच्या तारेचे वेटोळे असते. त्यातून सतत उलटसुलट होणारा विद्युतप्रवाह सोडला की वेटोळ्याभोवती चुंबकीय क्षेत्र तयार होते आणि तेही सतत बदलत राहते. बदलत्या चुंबकीय क्षेत्रामुळे वीज निर्माण होते, हा शोध मायकेल फॅरडे यांनी १८३१ साली लावला. जमिनीत नाणे असेल, तर त्या नाण्यातही विजेचे छोटे छोटे भोवरे फिरू लागतात. या भोवऱ्यांचे स्वतःचे एक दुबळे चुंबकीय क्षेत्र असते. तबकातले दुसरे वेटोळे ते टिपते आणि पेटी वाजते. थोडक्यात, यंत्र हाक मारते आणि धातू 'ओ' देतो.

हा 'ओ' सगळे धातू सारखाच देत नाहीत. चांदी आणि तांबे यांतून वीज सहज वाहते. लोखंडातून ती वाहते, पण लोखंड स्वतः चुंबकाकडे ओढलेही जाते. या फरकावरून चांगले यंत्र लोखंडी खिळा आणि चांदीचा रुपया यांच्यासाठी वेगवेगळे आवाज काढते. वस्तूचा आकारही महत्त्वाचा असतो. बंद कडे असलेली अंगठी चटकन सापडते, कारण भोवऱ्याला फिरायला पूर्ण रिंगण मिळते. उलट सोन्याची बारीक साखळी अंगठीहून जड असली तरी यंत्राला ती पुष्कळदा कळतच नाही. तिच्या प्रत्येक कडीत भोवरा अगदी लहान असतो. तुमच्या फुफूची कानातली बाळी शेतात पडली तर ती सापडण्याची आशा आहे. नाजूक साखळी पडली, तर डोळ्यांनीच शोधलेले बरे.

टेलिफोनचा शोध लावणारे अलेक्झांडर ग्रॅहम बेल यांनाही हे यंत्र एकदा फसवून गेले. १८८१ च्या जुलैमध्ये अमेरिकेचे राष्ट्राध्यक्ष जेम्स गारफिल्ड यांच्यावर गोळी झाडण्यात आली. गोळी शरीरात कोठे अडकली आहे हे डॉक्टरांना कळेना. बेल यांनी घाईने एक धातुशोधक तयार केला. प्रयोगशाळेत तो चांगला चालला. परंतु राष्ट्राध्यक्षांच्या खोलीत तो नीट चालेना. त्यांच्या पलंगात लोखंडी तारा होत्या, हे त्याचे एक कारण होते. सप्टेंबरमध्ये गारफिल्ड यांचे निधन झाले. पुढे १९३७ साली गेरहार्ड फिशर यांना अमेरिकेत हातात धरून चालवण्याच्या धातुशोधकाचे पेटंट मिळाले. दुसऱ्या महायुद्धात पोलंडचे युझेफ कोसात्स्की यांनी बनवलेला सुरुंगशोधक १९४२ मध्ये एल अलामेनच्या लढाईत वापरला गेला. वाळूत पेरलेल्या सुरुंगांतून सैनिकांना वाट काढून देणाऱ्या त्या यंत्राची वंशावळ आज छंद म्हणून विकल्या जाणाऱ्या यंत्रापर्यंत येते.

आता निवडीकडे वळू. बाजारात मुख्यतः दोन जाती आहेत. पहिली जात कमी वारंवारतेची. तिचे वेटोळे सेकंदाला पाच ते वीस हजार वेळा उलटसुलट होणारा प्रवाह वापरते. ती धातू ओळखते, हलकी असते आणि नवशिक्याला तीच योग्य. दुसरी जात स्पंदनांची. ती जमिनीत विजेचे झटके सोडते आणि झटक्यांच्या मधल्या शांततेत कान देते. ती खोलवर ऐकते. पण खिळा आणि नाणे यांतला फरक तिला नीट सांगता येत नाही. दिवसभर खिळे उकरायची तयारी नसेल, तर तिच्या वाटेला जाऊ नये.

सोलापूरच्या मुलाने मात्र आणखी एक गोष्ट पाहिली पाहिजे आणि माझ्या मते हीच सगळ्यांत महत्त्वाची आहे. ती म्हणजे आपली जमीन. आपल्या जिल्ह्याची काळी माती काळ्या बसाल्ट खडकापासून झाली आहे. हा खडक कोट्यवधी वर्षांपूर्वीच्या लाव्हारसाचा. त्यात मॅग्नेटाइट नावाचे लोहखनिज असते आणि ते चुंबकाला चिकटते. याची खात्री तुम्ही आजच करू शकता. एक चुंबक कागदात गुंडाळा आणि कोरड्या ओढ्याच्या वाळूतून फिरवा. कागदावर काळ्या कणांच्या मिशा उभ्या राहतील. हेच कण धातुशोधकाला त्रास देतात. नाणे नसतानाही जमीनच 'ओ' देत राहते आणि स्वस्त यंत्र पावलोपावली वाजते. दुकानाच्या फरशीवर नाणे ठेवून दुकानदार तुम्हाला जो प्रयोग दाखवील, तो तेथे बरोबरच येईल. शेतात गेल्यावर रडगाणे सुरू होईल.

यावर उपाय म्हणजे यंत्रात जमिनीचा समतोल साधण्याची सोय असणे. धातू नसलेल्या जागी तबक दोन-चार वेळा वर-खाली करायचे. यंत्र जमिनीचा स्वतःचा आवाज ओळखते आणि तो वजा करते. काही स्वस्त यंत्रांत हा समतोल कारखान्यातच पक्का करून टाकलेला असतो. तो कोणत्या तरी दुसऱ्याच देशाच्या जमिनीला जुळतो. तेव्हा दुकानात पहिला प्रश्न हाच विचारा: "जमिनीचा समतोल मला स्वतःला साधता येतो का?" उत्तर 'नाही' असेल, तर ते यंत्र वाळूच्या किनाऱ्यावर चालेल, आपल्या काळ्या रानात नाही. जमले तर विकत घेण्याआधी ते यंत्र अर्धा तास शेतात चालवून पाहा. तेथे जे कळते ते माहितीपत्रकातून कळत नाही.

वजनाकडेही लक्ष द्या. सव्वा-दीड किलोचे यंत्र हातात घेतले की हलके वाटते. तेच एका हाताने तासभर डावी-उजवीकडे फिरवले की खांदा भरून येतो. दांडा लांब-आखूड करता यावा, कारण तुम्ही अजून वाढता आहात. तबक मोठे असले तर खोल ऐकते, पण जड होते आणि जवळजवळच्या दोन वस्तूंना एकच समजते. आठ ते दहा इंचांचे तबक पहिल्या यंत्राला पुरेसे आहे. कानाला लावायचे हेडफोन जोडता यावेत. मंद आवाज त्यातच कळतो. बॅटरी साधी, गावात मिळणारी असावी.

खोलीबद्दल फार फसवणूक होते. सुट्या नाण्याच्या बाबतीत साधे यंत्र साधारण तबकाच्या रुंदीइतके, म्हणजे वीस-पंचवीस सेंटिमीटर खोल ऐकते. आपल्या मातीत त्याहूनही कमी. मोठा हंडा असेल तर थोडे अधिक. "दहा फुटांखालचे सोने दाखवतो" असे कोणी सांगितले तर सरळ निघून यावे. दोन पितळी काड्या किंवा एक अँटेना हातात देऊन "सोन्याच्या दिशेला वळेल" असे सांगून लाखो रुपये घेणारे लोकही आहेत. अशा काडीत वेटोळे नसते, भोवरे नसतात, काहीच नसते. इराकमध्ये बॉम्ब शोधण्यासाठी असलीच पोकळ यंत्रे विकली गेली होती. सैनिक चौक्यांवर त्यांच्या भरवशावर उभे राहत. ती विकणाऱ्या जेम्स मॅककॉर्मिक या माणसाला ब्रिटनच्या न्यायालयाने २०१३ मध्ये दहा वर्षांची शिक्षा दिली. मोबाइलमधल्या धातुशोधक ॲपलाही फार किंमत देऊ नका. ते फोनमधल्या होकायंत्राच्या साहाय्याने फक्त लोखंडासारख्या चुंबकीय वस्तू ओळखते. सोने-चांदी त्याला कळत नाही.

आता दुसरा प्रश्न: हे यंत्र चालवायचे कोठे?

उर्दूत ज्याला दफीना म्हणतात, त्याला मराठीत गुप्तधन किंवा पुरलेले धन म्हणतात. या गुप्तधनाने आपल्याकडे अनेक घरे बुडवली आहेत. कोणी मांत्रिक येतो, घराखाली हंडा आहे असे सांगतो, पैसे उकळतो आणि कधी कधी भयंकर कृत्ये करायला लावतो. महाराष्ट्रात २०१३ साली झालेल्या जादूटोणाविरोधी कायद्यात गुप्तधनाच्या शोधासाठी केलेली अशी अघोरी कृत्ये हा गुन्हा ठरवला आहे. धातुशोधक हे विज्ञानाचे यंत्र आहे. पण ते हातात घेऊन फिरणाऱ्याला लोक मांत्रिकाचा साथीदार समजू शकतात, हे लक्षात ठेवा. म्हणून घरच्या मोठ्या माणसांना सांगितल्याशिवाय आणि जमिनीच्या मालकाची परवानगी घेतल्याशिवाय कोठेही तबक फिरवू नये. उभ्या पिकात तर मुळीच नाही.

काही जागा कायद्यानेच बंद आहेत. सोलापूरचा भुईकोट किल्ला संरक्षित स्मारक आहे. अशा स्मारकात सरकारच्या परवानगीशिवाय उकरणे १९५८ च्या कायद्याने गुन्हा आहे. नळदुर्ग आणि परांडा येथील किल्लेही संरक्षित आहेत. तसेच गावाशेजारची 'पांढरी' सोडून द्या. पांढरी म्हणजे जुन्या वस्तीची, राखेने आणि पडक्या भिंतींच्या मातीने फिकट झालेली जागा. धाराशिव जिल्ह्यातील तेर हे गाव अशाच टेकाडांमुळे प्रसिद्ध झाले. सातवाहनांच्या काळी रोमपर्यंत व्यापार करणारे तगर नगर ते हेच. तेथील संग्रहालयात या वस्तू पाहायला मिळतात. सोलापूरहून एका दिवसात जाऊन येता येते.

तुम्ही विचाराल, थोडे उकरले तर काय बिघडते? नाशिकजवळच्या जोगलटेंभीची गोष्ट ऐका. १९०६ साली तेथे तेरा हजारांहून अधिक चांदीची नाणी एकाच ठेव्यात सापडली. ती नहपान या क्षत्रप राजाची होती. त्यांतल्या नऊ हजारांहून अधिक नाण्यांवर गौतमीपुत्र सातकर्णी या सातवाहन राजाने आपला छाप पुन्हा मारलेला होता. एका राजाने दुसऱ्याला जिंकून त्याचाच पैसा आपल्या नावाने चालवला, हे या ठेव्याने सांगितले. समजा, ती नाणी दहा-वीस जणांनी वाटून सोनाराकडे वितळवली असती. मग चांदी मिळाली असती, आणि ही हकिकत कायमची गेली असती.

वस्तू कोणत्या थरात, कशाशेजारी होती हेही तितकेच मोलाचे असते. अहमदनगर (आताचा अहिल्यानगर) जिल्ह्यातील दायमाबाद येथे १९७४ साली झाडाची मुळे खणताना एका गावकऱ्याला काशाचे हत्ती, गेंडा, रेडा आणि बैलगाडी हाकणारा माणूस अशी चार अप्रतिम शिल्पे सापडली. सगळ्यांचे मिळून वजन साठ किलोंहून अधिक. ती जपली गेली, हे आपले भाग्य. पण ती शास्त्रीय उत्खननात न मिळाल्यामुळे नेमकी कोणत्या काळची, यावर विद्वानांचा वाद राहिला.

याच्या उलट उदाहरण इंग्लंडमधले आहे. नोव्हेंबर १९९२ मध्ये हॉक्सन गावातल्या एका शेतकऱ्याचा हातोडा शेतात हरवला. तो शोधायला त्याने आपले मित्र एरिक लॉज यांना बोलावले. लॉज यांना धातुशोधकाचा छंद होता. हातोड्याऐवजी त्यांना चांदीचे चमचे आणि सोन्याची नाणी लागली. लॉज यांनी काय केले? थोडे उकरून ते थांबले आणि अधिकाऱ्यांना कळवले. दुसऱ्या दिवशी पुरातत्त्वज्ञ आले. त्यांनी मातीचा एकेक थर उचलत लाकडी पेटीत वस्तू कशा रचल्या होत्या तेसुद्धा ओळखले. चौदा हजारांहून अधिक रोमन नाणी निघाली. हातोडाही सापडला आणि तोही आता ब्रिटिश संग्रहालयात आहे! लॉज यांना मोठे बक्षीस मिळाले. त्यांनी ते शेतकऱ्याबरोबर वाटून घेतले.

आपल्याकडे काय नियम आहे? १८७८ चा निखात निधी कायदा आजही लागू आहे. निखात निधी म्हणजे जमिनीत दडलेली मौल्यवान वस्तू. तिची किंमत दहा रुपयांहून जास्त असेल, तर शोधणाऱ्याने जिल्हाधिकाऱ्यांना लेखी कळवले पाहिजे. काय सापडले, अंदाजे किती किमतीचे, कोठे आणि कोणत्या तारखेला, हे त्यात लिहायचे. मग चौकशी होते. धनाचा कोणी मालक नाही असे ठरले आणि वेगळा करार नसला, तर तीन भाग शोधणाऱ्याला आणि एक भाग जमीनमालकाला मिळतो. सरकारला ती वस्तू हवी असेल, तर धातूची किंमत आणि वर तिचा पाचवा हिस्सा देऊन सरकार ती घेऊ शकते. जो लपवतो किंवा ओळख पुसण्यासाठी वस्तू वितळवतो, त्याचा वाटा जातो आणि एक वर्षापर्यंत कैद किंवा दंड किंवा दोन्ही होऊ शकतात. शिवाय १९७२ च्या कायद्यानुसार शंभर वर्षांहून जुने नाणे ही पुरावस्तू असते. ती परवानगीशिवाय देशाबाहेर पाठवता येत नाही.

येथे उर्दू शाळेतल्या मुलांना एक फायदा आहे, तो सांगितलाच पाहिजे. आपल्या भागातली जुनी नाणी बहामनी, आदिलशाही आणि मोगल काळातली असतात. त्यांवर अरबी किंवा फारसी मजकूर असतो. औरंगजेबाच्या काळात सोलापूरलाही टांकसाळ होती. तिथल्या चांदीच्या रुपयावर टांकसाळीचे नाव फारसीत येते: 'जर्ब शोलापूर'. जर्ब म्हणजे ठोका, छाप. नाण्यावरची अक्षरे एकमेकांत गुंतलेली आणि काठाला कापलेली असतात. तरीही अलिफ, लाम, काफ ओळखणारा डोळा तेथे निम्मे काम करतो. मराठी शाळेतल्या मित्राला शिवराईवरची देवनागरी वाचता येईल, तुम्हाला हे. दोघे मिळून एखाद्या संग्रहालयात गेलात तर कोणतेही यंत्र न घेता पुष्कळ सापडेल.

तरी यंत्र घ्यायचेच असेल, तर आधी सुरुवात चुंबकाने करा. घरातली नाणी गोळा करून एकेक लावून पाहा. आताचा एक रुपयाचा पोलादी सिक्का चुंबकाला चिकटतो. पाच रुपयांचा पिवळा सिक्का चिकटत नाही. म्हणजे 'लोखंड नको' असे बटण दाबलेले यंत्र आजचा रुपयाही खिळा समजून गाळू शकते. मग मित्रांनी किंवा शाळेच्या विज्ञान मंडळाने मिळून एकच यंत्र घेतलेले चांगले. चांगल्या यंत्राला बरेच हजार रुपये पडतात आणि एकट्याने घेतलेले यंत्र महिन्याभरात कपाटावर जाते, असेच बहुधा घडते.

यंत्र आले की लगेच रानात धावू नका. मोठ्या माणसांना विचारून स्वतःच्या अंगणातला कोपरा घ्या. तेथून वीज किंवा पाण्याची पाइप जात नाही ना, हे आधी बघा. एक रुपया पाच सेंटिमीटर खोल पुरा, पाच रुपये दहावर, एखादे जुने तांब्याचे नाणे पंधरावर, शेजारी एक खिळा आणि बाटलीचे टोपण. जागांवर खुणा करून वहीत नोंद ठेवा. फावडे बाजूला ठेवा; बेल यांचा पलंग आठवा. तबक जमिनीला समांतर, चार बोटे उंच धरून सावकाश फिरवा आणि प्रत्येक वस्तूचा आवाज कानात बसवा. प्रत्येक खड्डा परत बुजवा. शेतात कधी बॉम्बगोळ्यासारखे काही लागले, तर हात न लावता दूर व्हा आणि ११२ वर पोलिसांना कळवा. अंगणातली नाणी मात्र तशीच पुरलेली राहू द्या. मृगाचा पहिला पाऊस पडून काळी माती ओली झाली, की पुन्हा तबक फिरवून आवाज बदलला का ते पाहा, आणि वहीत उन्हाळ्यातल्या नोंदीशेजारी लिहा.